बाटलीतली गाठ

रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या टेबलावर मावशी उताणी पडली होती आणि तिच्या पोटावर नुसत्या बोटांनी गाठी काढणाऱ्या हातवाल्याचे दोन्ही हात होते. सुरी नाही, भूल नाही.

"सुरी लोखंडाची, लोखंड खाणीतलं, खाण अंधाराची!" तो गरजला. "माझा हात उजेडाचा!"

बोटं दाबली गेली, रक्ताची धार लागली आणि लालभडक गोळा वर आला. त्यानं कापसानं पोट पुसलं, तर खाली साधा ओरखडाही नाही! लोक हुंदके देऊ लागले.

"आता सुरी लावलीस, तर हा उपकार तुझ्यावरच उलटेल," त्यानं मावशीला बजावलं.

मावशीच्या हट्टापायी आलेली डॉक्टरीणबाई शेवटच्या रांगेत उभी होती. मावशीच्या जठरातला कॅन्सर तिनंच सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला होता. वेळेत सापडला होता. बुधवारी शस्त्रक्रिया झाली, तर मावशी वाचणार होती. समोरचा तमाशा बघून तिला राग यायला हवा होता. आला नाही. प्रत्येक वेळी ओला कापूस डाव्या हाताच्या परातीतूनच उचलला जातो, एवढं मात्र तिनं टिपून ठेवलं.

बावीस वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन ती या परक्या देशात आली. इथल्या इस्पितळात पेशी तपासणारी पहिली बाई. पहिल्या दिवशी दारवानानं सफाईवाली समजून तिच्या हातात बादली दिली होती. पुढं चार वर्षं तिच्या अहवालावर एका पुरुष डॉक्टरची दुसरी सही लागायची. आईच्या मरणाचं पत्र तिनं दोन काचपट्ट्या तपासण्याच्या मधे वाचलं आणि तिसरी काचपट्टी उचलली. तेव्हापासून आत सगळं बधिर होतं. "तुमचं नाव नीट कसं घ्यायचं, शिकवा की," असं तिला विचारणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे प्रयोगशाळेतली ही मावशी.

सोमवारी मावशी हसतमुखानं आली आणि टेबलावर बाटली ठेवली. "बाई, ही माझी गाठ. बुधवारचं रद्द करा."

बाटलीत नमुना टिकवायचं फॉर्मॅलिन होतं. वर चिठ्ठी, तारीख, नाव.

"हे कुणी भरलं?"

"मीच! शनिवारीच इथून औषध भरून नेलं होतं. शरीरातून निघालेलं असंच कोरडं ठेवायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना? तो गोळा द्यायला तयार नव्हता. मी सोडते होय!"

एकोणीस वर्षांची सवय. हातवाल्याचं नशीबच फुटकं.

गोळ्याला रबराचा पातळ लाल तुकडा चिकटला होता. फुग्याचा. डॉक्टरीणबाईनं गोळ्याचा काप घेतला. मंगळवारी काचपट्टी तयार झाली, तेव्हा तिनं मावशीला सूक्ष्मदर्शकासमोर खुर्चीवर बसवलं. मावशीनं हजारो काचपट्ट्या रंगवल्या होत्या, पण नळीला डोळा लावायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरीणबाईनंसुद्धा. याची तिला आज लाज वाटली.

"हे तुमच्या बोटातलं रक्त. तांबड्या पेशींत मधे ठिपका दिसतो?"

"नाही."

"आता ही बाटलीतली."

मावशी बराच वेळ वाकून बघत राहिली. "प्रत्येकीत ठिपका आहे."

"माणसाच्या नसतो. पक्ष्यांच्या असतो. हे कोंबडीचं काळीज आहे, मावशी. फुग्यात रक्तासकट भरलेलं, ओल्या कापसात लपवलेलं. बोटानं फुगा फोडायचा, तुकडे कापसातच गुंडाळायचे. एक राहून गेला."

"मग माझी?"

"तुमची जागेवरच आहे."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. मग दुसऱ्यांदा नळीत बघितलं, पहिल्यापासून, दोन्ही काचपट्ट्या. "कोंबडी काय!" ती पुटपुटली. "आणि मी त्याच्या पाया पडले. बुधवारी किती वाजता यायचं?"

"सातला. उपाशीपोटी."

"येते. तुम्ही रीतसर अहवाल लिहा. जाताना त्याच्या दारावर डकवते."

डॉक्टरीणबाई लिहायला बसली. सही करताना राग आला, आणि तो आला याचं तिला बरं वाटलं. खाली एकटीचीच सही होती.

'नमुना : कोंबडीचं काळीज. रुग्णाची गाठ : पोटातच. ज्यांच्या गाठी इथं "काढल्या" गेल्या, त्यांनी आपापला गोळा मागून घ्यावा आणि प्रयोगशाळेत आणावा. हातवाला देत नसेल, तर का देत नाही हे विचारावं. माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका. खुर्ची रिकामी आहे. या, आणि स्वतः बघा.'