डावं वर्तुळ

गाडी गोल गोल फिरवायची नोकरी आहे असं सांगितलं की लोक हसतात. हसेनात का. मोटारीच्या कारखान्यामागे एक डांबरी मैदान होतं, त्यावर पांढऱ्या रेघेचं भलंमोठं वर्तुळ आखलेलं होतं, आणि त्या रेघेवर काटा सव्वीस वर्षं गाड्या फिरवत होता. आधी डावीकडे वळत दहा फेऱ्या, मग उजवीकडे वळत दहा. दर फेरीला वेग थोडा वाढवायचा, टायर ओरडून रेघ सोडेपर्यंत. मग खाली उतरायचं आणि गाडी वळणात कशी वागली ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा एकदा, दुपारचं जेवण जागेवर राहिलं तर मला सांगा.

काटा हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. गाडी वळणात अर्ध्या अंशाने जास्त झुकली तरी यंत्राच्या आधी याचं अंग सांगायचं, म्हणून तराजूचा काटा. पोरंसोरं काटासाहेब म्हणायची, मोठे साहेब नुसतं काटा म्हणायचे, आणि दोन्ही ऐकताना त्याची मान जरा ताठ व्हायची. माणूस आहे, व्हायचीच.

त्या कारखान्यात एक रिवाज होता. चाचणी संपली की चालकाने कोणाशी बोलायचं नाही, यंत्राचे आकडे बघायचे नाहीत, सरळ चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे आणि कुलूप लावलेल्या डब्यात टाकायचे. एकदा आकडे डोळ्यांना दिसले की अंग त्यांच्या सुरात सूर मिसळतं, असं जुन्या साहेबांचं म्हणणं. यंत्र गाडी मोजतं, चालक आतल्या माणसाचे हाल मोजतो. तेव्हा दोघांचं जुळलं नाही तर चालकाचं खरं धरायचं. आणि डब्यात गेलेली चिठ्ठी बदलायची नाही. बदलू दिली असती तर आमची ही गोष्टच घडली नसती.

यंदा वर्तुळावर दोन गाड्या होत्या. एक कंपनीची जुनी, बुटकी सेडान, वळणात रेघेला चिकटून जाणारी. दुसरी नवी चपळ एसयूव्ही. उंच बसा आणि सेडानसारखं वळा, असं तिच्या जाहिरातीत सांगायचं आधीच ठरलं होतं. आता ते खरं ठरायचं तेवढं बाकी होतं. त्या एसयूव्हीचं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा आणि चाकांना धरून ठेवणारं सगळं लचांड, केलं होतं काट्याच्या भाचीने. सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी. घरी मामा, मामा. कारखान्यात मात्र मामाला अहोजाहो करायची आणि चहासुद्धा वेगळ्या टेबलावर प्यायची. वशिल्याने आली असं कोणी म्हणू नये म्हणून बिचारी दुप्पट राबायची.

सेडान झकास गेली. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. मग काटा एसयूव्हीत चढला, आणि डावीकडच्या सहाव्या फेरीला पांढरी रेघ जमिनीवरून उचलली जाऊन त्याच्या तोंडासमोर आली.

आता हे सांगायलाच हवं. तेरा महिन्यांपूर्वी एका सकाळी अंथरुणात कूस बदलताना काट्याला घर फिरल्यासारखं झालं होतं. लांबच्या दवाखान्यात, ओळखीचं कोणी दिसणार नाही अशा ठिकाणी, डॉक्टरांनी सांगितलं की आतल्या कानाचा तोल बिघडलाय. कधी बरा राहील, कधी नाही. हे माहीत होतं फक्त बायकोला. सेडानमध्ये त्याचं भागत होतं, कारण तिथे माणूस खाली बसतो, गाडी झुकली तरी डोकं फारसं हलत नाही. एसयूव्हीत तोच माणूस हातभर वर बसतो. गाडी तेवढीच झुकली तरी डोकं जास्त बाहेर फेकलं जातं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. काट्याच्या कानाला वाटलं, आणि तेही डावीकडे वळतानाच.

खाली उतरल्यावर तो दाराला धरून उभा राहिला. गाडी झुकली की मी झुकलो? खरं सांगतो, त्या क्षणी त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं. लबाडी नव्हती ती. पण शंका होती, आणि शंका लिहायला चिठ्ठीवर जागा नव्हती. त्याने लिहिलं: डावीकडे चार, उजवीकडे आठ. चिठ्ठी डब्यात गेली.

यंत्राने दोन्ही बाजूंना सारखाच झुकाव दाखवला होता. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मामा, आज तब्येत बरी नाही का? पण ही भाची या कारखान्याची. काट्याचं अंग चुकत नाही, हे ती आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आलेली. तीन आठवडे तिने गाडीची उजवी बाजू पुन्हा पुन्हा खोलून बघितली. आणि इंजिनिअर माणसाला कारण हवं असेल तर कारण सापडतंच! चालक उजवीकडे बसतो, पेट्रोलची टाकी उजवीकडे. डावीकडे वळताना सगळा भार त्याच बाजूला येतो, तेव्हा उजव्या स्प्रिंगा कमी पडत असणार. तिने उजव्या स्प्रिंगांखाली आठ मिलिमीटरच्या चकत्या घातल्या. थोडक्यात, म्हाताऱ्या कानासाठी कोऱ्या गाडीचा खांदा वर केला.

परत चाचणी झाली. चकत्यांमुळे की सकाळी बायकोने दिलेल्या चक्करेच्या गोळीमुळे, देव जाणे, पण त्या दिवशी रेघ जागेवर राहिली. काट्याने दोन्हीकडे नऊ लिहिले. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी भाचीच्या पाठीवर सर्वांसमोर थाप मारली. काटाही हसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत घरी गेला आणि जेवला नाही.

आठच दिवसांनी दुसरा चालक, ज्याला सगळे घाई म्हणायचे, ती गाडी बाहेरच्या लांब रस्त्यावर घेऊन गेला. एका उजव्या वळणावर गाडीने मागून साथ सोडली आणि ती आडवी होत कुंपणात घुसली. घाईचं मनगट मोडलं. उजवीकडे वळताना गाडी आधीच कलंडलेली असते, असं तो जीव तोडून सांगत होता. ऐकतो कोण? ज्या गाडीला काट्याने नऊ दिले ती गाडी नीट, आणि ज्याचं नावच घाई तो चालक बेफिकीर. साहेबांनी त्याला लेखी ताकीद दिली.

प्लास्टर घातलेल्या हाताने घाई काट्याकडे आला. एकदा तुम्ही उजवीकडे जोरात वळवून बघा आणि जे वाटेल ते सांगा, एवढंच त्याचं मागणं होतं. काट्याने बघतो म्हटलं. बघितलं नाही. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याच्या तोंडावर हा माणूस बघतो म्हणाला आणि पाठ फिरवून चालता झाला. मला काट्याची कीव येते, पण या एका गोष्टीसाठी मी त्याला माफ करणार नाही.

का बोलत नव्हता, तेही ऐका. ज्या चालकाला एकदा चक्कर आली तो पुन्हा स्टिअरिंगवर बसत नाही, हा पक्का नियम. काट्याच्या आधीचे नामांकित चालक आता कोठारात हेल्मेट पुसत बसायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, आज कोणती गाडी आहे रे? काटा त्या कोठाराच्या खिडकीसमोरून जाताना पावलं उचलून जायचा. गाडी सोडली तर आपल्याला दुसरं काहीही येत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आणि आता त्यात भाचीही अडकली होती. बोलावं तर आपली सीट जाते आणि पोरीच्या पाठीवरची शाबासकी खोटी ठरते. न बोलावं तर सोमवारी गाडीच्या मंजुरीच्या कागदावर सह्या होणार आणि त्या चकत्या प्रत्येक गाडीत जाणार. मग कुठल्या तरी उजव्या वळणावर कोणाचा तरी संसार असेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गुरुवारी सकाळी त्याने गोळीसाठी हात पुढे केला तर बायकोने मूठ उघडली नाही.

"मी गोळी देते ती तुम्हाला नीट उभं राहता यावं म्हणून," ती म्हणाली. "गाडी चालवायला नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गोळी टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली. काट्याने ती घेतली नाही.

शुक्रवारी दुपारी मैदानावर कोणी नसताना त्याने भाचीला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं: कान, दवाखाना, ते चार गुण.  आता पोरगी रडेल नाहीतर ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती हसली! अगदी मायेने हसली.

शाळेत असताना तिने आजोबांची स्कूटर भिंतीवर घातली होती, तेव्हा मीच घातली असं सांगून मामाने शिव्या खाल्ल्या होत्या. ते तिने आता बाहेर काढलं. घाईच्या अपघाताचं खापर माझ्यावर फुटेल म्हणून तुम्ही हे कानाचं काढलंत ना, म्हणाली. मी आता लहान नाही, माझं मी निस्तरीन. आणि तुमच्या अंगावर माझा विश्वास आहे, कोणी काही म्हणो.

 काट्याने आयुष्यभर जे नाव कमावलं त्यानेच आता त्याचं दार बाहेरून लावलं होतं. चुकीचं लिहिलं तेव्हा कोणाला शंका आली नाही, आणि आज खरं बोलतोय तर कोणी खरं मानेना. काय म्हणावं या कर्माला?

"बस गाडीत," तो म्हणाला.

ती शेजारच्या सीटवर बसली. त्याने गाडी वर्तुळावर घेतली, डावीकडे. पहिली फेरी, दुसरी. ती पट्टा धरून निवांत समोर बघत होती. मामाच्या गाडीत तिला कधी भीती वाटलीच नव्हती. चौथ्या फेरीला त्याने वेग वाढवला. पाचव्या फेरीला अजून वाढवला. सहाव्या फेरीला रेघ उठली, मैदान उभं राहिलं, आभाळ खिडकीतून खाली सांडलं, आणि सरळ म्हणजे कुठली बाजू तेच काट्याला कळेना. हात स्टिअरिंगवर होते, पण ते कुणीकडे वळलेत हे त्याला सांगता आलं नसतं. गाडी रेघ सोडून वर्कशॉपच्या भिंतीकडे निघाली.

"मामा," भाची म्हणाली. मग तिने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. ते डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे, आपोआप नाचत होते.

तिने एका हाताने स्टिअरिंग खेचलं. "ब्रेक, मामा. पाय दाब. दाब पाय. अजून."

त्याला काही दिसत नव्हतं. त्या आवाजावर भरवसा ठेवून त्याने पाय दाबला. भिंत चार हातांवर असताना गाडी थांबली. टायरचा जळका वास आत आला. काट्याने डोळे मिटले तरी फिरायचं थांबेना.

"किती दिवस?"

"चौदा महिने."

तिने मनात हिशोब केला असणार: तीन आठवडे, आठ मिलिमीटर, घाईचं मनगट, पाठीवरची थाप. तिचा चेहरा पांढरा पडला होता.  मग ती उतरली, बोनेटला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, दार उघडलं आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला उतरवलं. दोघं तसेच गाडीभोवती चालत आले, तो तिच्या खांद्यावर भार टाकून. तिने त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली.

साहेबांकडे जाऊन सगळं सांगायचं, आधी घाईची ताकीद मागे घ्यायला लावायची, असं ती म्हणाली. काट्याने होकारार्थी मान डोलावली. तिने गाडी सुरू केली आणि हळू, फार हळू, मैदानाबाहेर काढली. फाटकापाशी साधंसं वळण आलं.

सव्वीस वर्षांत काटा त्या सीटवर कधी बसला नव्हता. वळताना धरायचं कुठे, हे त्याला माहीत नव्हतं. त्याचे दोन्ही हात मांडीवरून उठले, समोर काहीतरी शोधत राहिले, आणि मग तसेच खाली आले.