हमदानचा मुलगा

शुहदाने हातोडी ओट्यावर आपटली, तशी शेजारच्या दुकानांतली ठाकठूक थांबली.

"हे नाव कुणी कोरलं, भावजी?"

"मी. दुकान आता माझं आहे, वहिनी." जाबिरने मान वर केली नाही.

हात धुवायच्या पितळी तस्ताच्या काठावर ताजी अक्षरं होती : 'हे काम जाबिरचं, मोसुलच्या हमदानच्या मुलाचं.' त्यांच्या खाचांत चांदी भरायची तेवढी राहिली होती. बाकी सगळं तस्त तिचा नवरा मुकबिल पुरं करून गेला होता. शिकारी, त्यांचे ससाणे, पाण्यातली बदकं. खोकल्याची उबळ आली की तो हात थांबवायचा आणि शुहदा तस्त धरून बसायची. तेव्हा हा धाकटा दीर चौकात बुद्धिबळाचे डाव मांडत होता.

"मेलेल्याच्या नावावर पुढचं काम कोण देईल?" जाबिर म्हणाला. "तुम्हीही याच दुकानाचं खाता."

"भाकरी खाते. कुणाचं नाव नाही खात!"

"हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांनीच खांदा दिलाय मुकबिलला. तुम्हाला एक बदक धड कोरता येत नाही, हे त्यांना मी सांगायला नको."

जाबिरचे कान लाल झाले. त्याने चांदीची तार तिच्याकडे सरकवली.

"अमीरांचा कारभारी नमाजानंतर तस्त न्यायला येईल. भरायची तर भरा, नाहीतर दुसरा कुणी भरेल." एवढं बोलून तो मशिदीकडे निघून गेला.

चांदी ठोकायला मुकबिलनेच तिला शिकवलं होतं. दात-ओठ खात ती बसली. एकेका अक्षरात तार दाबत, ठोकत गेली. जाबिरच्या नावाशी मात्र तिने तार खाली ठेवली. नक्षीभोवतीच्या मोकळ्या जागेत भरतात ती काळी राळ तिने त्या खाचांत दाबली आणि वरून घासून सपाट केली. काळ्यात काळं मिसळून गेलं.

जाबिर कारभाऱ्याला घेऊनच परतला. कारभाऱ्याने तस्त उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं.

"'हे काम मोसुलच्या हमदानच्या मुलाचं.' छान! पण हमदानला मुलगे दोन ना? यातल्या कुणाचं?"

जाबिरने तस्त हातात घेतलं. काठावरच्या काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग बदकांवरून. अंगठा तिथेच थांबला.

"थोरल्याचं," तो म्हणाला. "मुकबिलचं."

ओठांवर तयार ठेवलेली शिवी शुहदाला गिळावी लागली.