आखाजीला आलेली गाडी

जावई झाला म्हणून माणसाने काहीही वागावं का? उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, पाण्याचा तांब्या हातात घेतला, आणि योगराजने पहिली विचारपूस केली ती गाडीच्या चेनची. मयुरी समोरच खाटेवर बसली होती, डावा पाय उशीवर ठेवून. माझी लेक, त्याची बायको. त्या पायाची तीन बोटं गेलीत. योगराजने पायाकडे पाहिलंच नाही असं मी म्हणणार नाही. पाहिलं, आणि लगेच नजर उचलून माझ्याकडे वळवली.

"आक्का, चेन पार गयी. रहीमभाऊकडे आजच जाऊत ना?"

सगळं देवपूर मला आक्का म्हणतं, तसा तोही म्हणतो. मी दुसरीत शाळा सोडली, पण नवरा गेल्यावर पिठाची गिरणी मी एकटीने चालवली, अजून चालवते. दळण घेऊन आलेल्या बाईला मी तोंडावर सांगते की तुझ्या गव्हात खडे आहेत, आधी निवड मग ये. जावयाला मात्र सांगता येत नाही. पाहुणा ना तो. गिळायचं.

आता ही चेनची काय भानगड, ते सांगते. लग्नात आम्ही गाडी दिली, मोटारसायकल. मागितली नव्हती म्हणतात, पण मांडवात त्याच्या बापाचा चेहरा गाडी दिसेपर्यंत उतरलेलाच होता. तेव्हापासून रीतच पडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस-मांडे खातात. आमच्याकडे लेकीबरोबर गाडीही माहेरी येते. लेकीला बांगड्या, गाडीला ऑइल. पहिल्या वर्षी मला कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षी ब्रेक गेले, तिसऱ्या वर्षी टायर. वर्षात मधेच काही खराब झालं तरी योगराज हात लावायचा नाही. तुमची दिलेली गाडी, तुम्हीच बघा. त्याच्या शिंदखेड्याला काय गॅरेज नाहीत? पण सासरची गाडी सासरीच दुरुस्त होते, असं त्याच्या घरात ठरलेलं.

यंदा संक्रांतीनंतर दोघं एका लग्नाला दोंडाईच्याला निघाले. मयुरी ड्रेस घालते म्हणाली, तर सासू म्हणे, पाहुण्यांत नाक कापशील, साडी नेस. नेसली. एका बाजूला पाय सोडून मागे बसली. रस्त्यात साडीचा घोळ चेनमध्ये ओढला गेला आणि साडीबरोबर पाय गेला. लोकांनी गाडी आडवी करून चाक उलटं फिरवलं तेव्हा कुठे पाय सुटला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा योगराज व्हरांड्यात उभा राहून सगळ्यांना सांगत होता. चेनवर कव्हर होतं, पण साडीच्या हिसक्याने तेच तुटून पडलं, मग काय करणार? आणि हिला साडी सांभाळता येत नाही, किती वेळा सांगितलं. त्याच्या आईने तेच शिंदखेडाभर सांगितलं. मयुरीला विचारावं तर ती म्हणायची, आई, माले काहीच याद नही. नवऱ्याच्या मागे बसणारी बाई त्याच्या पाठीकडे बघते, खाली चेनवर कव्हर आहे की नाही ते कशाला बघेल? मग मीही तेच धरून चालले. साडीच नडली म्हटलं.

तेव्हापासून लेक माझ्याकडे होती. आखाजीला येतो, गाडीचं काम करतो आणि हिला घेऊन जातो, असा निरोप त्याने आठ दिवस आधी धाडला होता. मी नाही म्हटलं नाही. लेक किती दिवस खाटेवर ठेवणार? सकाळीच मी तिची पिशवी भरली, कुरडया घातल्या, मागून पट्टा असलेली चप्पल घातली, कारण साधी चप्पल त्या पायात राहत नाही. मयुरी बघत बसली. पिशवीची चेन लावली तेव्हा एवढंच बोलली, "आई, माले गाडीवर बसाले भ्याव वाटस. बसने गयी त नही चालाव का?"

योगराजने ते ऐकलं आणि हसला. "घरनी गाडी ऱ्हायनी अन बसमा लटकत जाशी? लोके काय म्हणतीन?"

ती टाचेवर टेकत आत गेली, वेणी घालायला. दुपारी ऊन उतरलं की निघायचं होतं.

आम्ही दोघं पारोळा रोडला रहीमच्या दुकानात गेलो. मी रिक्षाने, तो गाडीवर. समोर गॅरेज, मागे पार्टचं दुकान, दोन्ही त्याचंच. आखाजीची गर्दी होती, चार-पाच माणसं गाड्या लावून बाकावर बसलेली. रहीमने मला खुर्ची दिली आणि गाडी स्टँडवर घेतली. मागचं चाक हाताने फिरवलं. चेन कुठे ताणली जायची, कुठे खाली लोंबायची.

"हाई चेन नही, हाई पायजम्यानी नाडी शे," रहीम म्हणाला. बाकावरची माणसं हसली. योगराजही हसला.

मग रहीमने मला जवळ बोलावलं. "देखा आक्का, चक्करना दात देखा." मागचं मोठं चक्कर, चेन जिच्यावर चढते ती दातेरी चकती, त्याने बोटाने दाखवलं. दात झिजून बाभळीच्या काट्यासारखे टोकदार झाले होते, सगळे एकाच बाजूला कललेले. "पुढलं लहान चक्कर बी असंच व्हयी. तिन्ही बदलना पडतीन. दोन चक्कर अन चेन, सेटच घ्या."

योगराज मध्ये बोलला. "चक्कर चालतीन अजून. चेनच टाका. ती सोनेरी येस ना, ती."

"जुना दात नवी चेनले खाई जातीन, भाऊ. पावसाळा बी निघाव नही."

ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. गिरणीचं चाक झिजलं आणि नुसता पट्टा नवा टाकला, तर पट्टा आठवड्यात फाटतो. मी म्हटलं, "सेट काढ रहीमभाऊ. कसा कसा शे तो दाखाड."

त्याने दोन खोके आणले. एक काळा, साधा, हाताला जड. दुसरा सोनेरी, चेन आणि मोठं चक्कर दोन्ही पिवळेधम्मक, नव्या नवरीच्या पाटल्यांसारखे. रहीम म्हणाला की ओझं वाहायचं असेल, मागे माणूस बसत असेल, तर काळाच घ्या, सोनेरी नुसता दिसायला. योगराजचा हात सोनेरीवरून निघेना. तो चेन उन्हात धरून फिरवत होता.

मला राहून राहून चेनच्या त्या लोंबण्याचं वाटत होतं. मी विचारलं, "रहीमभाऊ, इतली खराब व्हईपावत हाई चेन चालनी कशी?"

रहीमने योगराजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागली आखाजीलेच ढिली व्हती, आक्का. मी सांगं व्हतं, सेट टाका. हाऊ भाऊ म्हणे, आक्का बाहेर बसेल शेतस, तेसनाकडथाईन एकाच येळे दोन कामं कसाले, यंदा टायर शे, चेन पुढला साल. मंग मी एक कडी काढीसन चेन कमी करी दिधी. दिवाईपावत चालाडा, मंग बदला, असं सांगं व्हतं."

"अन तू कडी काढी दिधी?"

"गिऱ्हाईक सांगस ते करस मी."

"उद्या गिऱ्हाईक सांगी का ब्रेक काढी टाक. काढशी?"

रहीम दाढी खाजवत राहिला. बाकावरचे लोक आता हसत नव्हते.

मी योगराजला विचारलं, आवाज चढू न देता. "जवाईबापू, दिवाई गयी, संक्रांत गयी. शिंदखेडामा एक चेन मियनी नही?"

"आक्का, तुम्हनी देयेल गाडी शे," तो म्हणाला, लहान पोराला समजवावं तसं. "आखाजीले तुम्हीच करतस ना. मी मधमाच करी टाकतू, त तुम्हलेच वाईट वाटतं. रीत शे."

त्याला खरंच असं वाटत होतं. तोंडावर लबाडी नव्हती. मला वाटलं, एवढंच असेल तर आळशी आहे, आडमुठा आहे, असे घरोघरी असतात. काळा सेट टाकू, गाडी नीट होईल, लेक घाबरते पण जाईल. मी रहीमला म्हटलं, "काळा टाक. अन चेनवर नवं कव्हर बी टाक. जुनं तुटी गयं ना."

रहीम कव्हर आणायला वळला. तेव्हा योगराज पटकन म्हणाला, "कव्हर नका आणू रहीमभाऊ. घर शे ना कव्हर. माळ्यावर पडेल शे, चांगलं आख्खं. मीच काढं व्हतं दिवाईले. चेन ढिली व्हती ना, कव्हरले लागे, खडखड करे. डोकं उठे."

एवढं बोलून त्याने पुन्हा सोनेरी चेन उचलली.

दुकानात कोणाचा तरी पाना फरशीवर पडला. कोणी उचलला नाही.

दिवाळीला काढलं. म्हणजे संक्रांतीनंतर माझी लेक साडी नेसून त्या गाडीवर बसली तेव्हा चेन उघडी होती. आवाज व्हायचा म्हणून उघडी होती. याचं डोकं उठायचं म्हणून उघडी होती. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात ह्याच तोंडाने सांगितलं की हिसक्याने कव्हर तुटलं, साडी सांभाळता येत नाही. माझी पोर आत टाके घालून घेत होती, आणि बाहेर तिच्याच माथी खापर फुटत होतं. सासूने गावभर तिचं नाव खराब केलं. मी रोज तिच्या पायाला हळद-तेल लावताना मनात म्हणायचे, बाई, जरा घोळ वर खोचायचा ना. तिला माहीतच नव्हतं काय उघडं होतं ते.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "तुम्ही त म्हनेत, तुटी गयं."

योगराजच्या हातातली चेन थांबली. त्याला आता कळलं होतं आपण काय बोलून बसलो. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण माणूस मागे हटेल तर ना. "तेव्हा सगळे विचारे, काय सांगू मी? जे व्हनं ते व्हई गयं आक्का. आते त नवी चेन टाकी ऱ्हायनूत. अन खरं सांगू का, सोनेरी चेनवर कव्हर टाकं त दिसी काय? मी त कव्हर लावाव नही. मयुरीले म्हणा, घोळ वर धरीसन बस."

रहीम दोन्ही खोके घेऊन मधे उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला घरची खाट दिसली. वेणी घालून ती बसली असेल, भरलेल्या पिशवीजवळ. ऊन उतरायची वाट बघत नसेल ती, ते चढतंच राहो म्हणत असेल. मी नाही म्हटलं तर उद्यापासून गल्ली बोलेल, आक्काने लेकीचा संसार मोडला. बोलू दे. पिठाच्या गिरणीत माझ्या कानांना आवाजाची सवय आहे.

मी खुर्चीवरून उठले. बाकावरच्या माणसांना, समोरून जाणाऱ्यांना, कोणाला पुढे म्हणायला नको की समजलं नाही, म्हणून अहिराणी बाजूला ठेवली आणि शाळेतल्या मास्तरणीसारखं एकेक शब्द सुटा करून बोलले.

"रहीमभाऊ, यांना सोनेरी सेटच लावून द्या. आणि जवाईबापू, तुमचं म्हणणं खरं आहे, कव्हर लावूच नका. तुमच्या गाडीवर मागे माझी लेक आता कधी बसणार नाही. ती माझ्या घरी राहील. तिची बोटं साडीने नाही गेली, तुमचं डोकं उठत होतं म्हणून गेली. हे तुम्ही आज शिंदखेड्याला जाऊन आधी तुमच्या आईला सांगा, आणि मग ज्या ज्या घरात तिने माझ्या पोरीचं नाव घेतलं, त्या त्या घरात जाऊन सांगा. पायी जा."