आतल्या खिशातला अर्ज

मी एक जुना, काळा लोकरी ओव्हरकोट आहे. मित्रांनो, माझे अस्तर कसरीने खाल्ले आहे. जवळून पाहू नका, नुसते ऐका.

एस्टोनियातल्या तालिन शहरात मला एका शिंप्याने शिवले. माझे मालक एवाल्ड तेव्हा तरुण वकील होते. रशियन फौजा आल्या तेव्हा मला अंगात घालून ते मासेमारीच्या होडीतून स्वीडनला निसटले. त्यांची धाकटी बहीण हिल्या आजारी आईपाशी मागे राहिली.

स्टॉकहोममध्ये एवाल्ड गोदामात खोकी बांधत. महिन्यातून एकदा मात्र मला ब्रशने झाडून ते मंत्री होत. देश रशियाच्या ताब्यात होता आणि आमचे परागंदा सरकार एवाल्डच्याच स्वयंपाकघरात भरत असे. पत्नी लाइने म्हणे, "मंत्रीसाहेब, देश सोडवून झाला की बटाटे सोला." सगळे हसत. खुंटीवर मीही ऐटीत असे.

वीस वर्षांनी हिल्याचे पत्र आले. "दादा, डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काही दिसायचा नाही मला. एकदा येऊन जा."

आता स्टॉकहोमकडून तालिनला जाता येत होते, बोटी सुरू झाल्या होत्या. एवाल्डनी रशियन वकिलातीतून प्रवेश परवान्याचा अर्ज आणला. 'जन्माचा देश' या रकान्यात 'सोव्हिएत संघ' असे आधीच छापलेले होते. खाली फक्त सही करायची होती.

"सही केलीस तर ते पेपरात छापतील," त्यांचे सहकारी रुडॉल्फ म्हणाले. "मंत्रीच म्हणतोय, एस्टोनिया नावाचा देश नाही म्हणून!"

"ठाऊक आहे रे."

लाइनेने भांडे आपटले. "तुमचा देश या टेबलाएवढा. त्याच्यापुढं बहीण काहीच नाही?"

"तू गप्प बस."

"बसते. हिल्याही गप्प होईल आता."

त्या दिवशी कॉफी तशीच निवली.

अर्ज माझ्या आतल्या खिशात राहिला. दोनदा एवाल्ड वकिलातीच्या फाटकापर्यंत जाऊन परतले. मार्च संपता संपता त्यांनी रुडॉल्फना राजीनामा पाठवला आणि अर्जावर सही केली. तो द्यायला निघाले, तोच दारात तारवाला आला. हिल्या परवाच गेली होती.

लाइनेने अर्ज चुलीत टाकला. संध्याकाळी रुडॉल्फ आले आणि राजीनामा टेबलावर ठेवून म्हणाले, "हे मला मिळालंच नाही. मंगळवारी बैठक आहे. ये."

एवाल्ड बैठकीला गेले, पण साध्या जाकिटात. "ज्यानं सही केली त्यानं हा घालू नये," म्हणत त्यांनी मला पेटीत ठेवले. पुढे मला कुणी ऊन दाखवले नाही.

मित्रांनो, आता तो देश स्वतंत्र आहे. तिथे जायला तसली सही लागत नाही. हे पाहायला एवाल्ड राहिले नाहीत. मला पुन्हा खुंटीवर टांगा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात कुणी माणूस पत्र हातात धरून गप्प बसला असेल, तर त्याला चूक की बरोबर ते सांगत बसू नका. आधी त्याच्याजवळ बसा.