मंजूरने मागितलेली डाळ

घरात माणूस आजारी पडला की भेटीला येणाऱ्यांच्या चपलांनी उंबरा भरून जातो, हे आपल्या मुलतानात कुणाला नव्याने सांगायला नको. आजाऱ्याची विचारपूस करणं पुण्याचंच काम. पण आलेल्या प्रत्येकाला कोरमा वाढला नाही तर घराचं नाक कापलं जातं, हेही आपणच ठरवून ठेवलं आहे.

मंजूर शिंपी यकृताच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि त्याची बायको तसनीम चुलीला. थोरले दीर हाजी रियासत रोज कोंबडी पाठवायचे. पाहुणे ती चाटूनपुसून खायचे आणि मंजूरपुढे रश्शाची वाटी यायची. वासानेच त्याला मळमळायचं.

एके दिवशी सकाळी तो म्हणाला, "तसनीम, मसुरीची डाळ कर ना. लसणाची फोडणी दे, अम्मी द्यायची तशी."

किती दिवसांनी त्याने काही खायला मागितलं होतं! तिने लगबगीने डाळ धुतली, हळद-मीठ घालून मऊ शिजवली, घोटली आणि तुपात जिरं-लसूण लालसर करून वर ओतलं. वास खोलीत गेला तसा मंजूर उशीला टेकून बसला.

"आज भूक लागलीय गं," तो म्हणाला.

त्याने फुलक्याचा तुकडा डाळीत बुडवला, तेवढ्यात रियासत आत आले. मागे दारात त्यांच्या लेकीच्या सासरची मंडळी उभी होती. वाटी पाहून रियासतांचा चेहरा पडला.

"डाळ? अगं, व्याही आलेत! म्हणतील, हाजी सख्ख्या भावाला डाळीवर ठेवतो."

"भाईजान, त्यांनीच मागितलीय."

"आजारी माणूस काय वाट्टेल ते मागेल. उचल ती आधी!"

तिने उचलली नाही. मग त्यांनीच मंजूरच्या हातातून वाटी काढून घेतली, खाटेखाली सरकवली आणि कोंबडीचा रस्सा पुढे ठेवला. मंजूरने फुलक्याचा तुकडा ताटलीत परत ठेवला. व्याही आत आले, रश्शावरचा तवंग पाहून खूश झाले.

"वा हाजीसाहेब, भाऊ असावा तर असा!"

पाहुणे उठले तेव्हा डाळीला मुंग्या लागल्या होत्या. "पुन्हा करते," तसनीम म्हणाली. "राहू दे, दमलीस. उद्या कर," मंजूर म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची शुद्ध हरपली, आणि तो गेला.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कुल, म्हणजे मयतासाठी दुआ मागायचा विधी, झाला. खजुराच्या बियांवर मंडळींनी भराभरा कलमा मोजला, कारण अंगणात रियासतांनी मागवलेल्या कोरम्याच्या डेगा, ती मोठाली पातेली, उघडत होत्या.

"अरे, इकडे तंगडी येऊ द्या!"

"माझ्या ताटात नुसती हाडंच!"

"त्या शौकतच्या बापाच्या कुलला बदाम घातले होते, राव."

मंजूरचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. तोंडं रिकामी कुठे होती!

तसनीम आतून ऐकत होती. ती उठली, चूल पेटवली आणि डाळ चढवली. लसणाच्या फोडणीचा वास अंगणात पोचला तसे रियासत धावत स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"डोकं फिरलंय का तुझं? मयताच्या घरात चूल पेटवतेस? आणि तीही डाळीसाठी? बाहेर लोक काय म्हणतील!"

"ही त्यांची डाळ आहे," तसनीम म्हणाली. "उद्या कर म्हणाले होते ते."

रियासत आणखी काही बोलणार, तोच कोपऱ्यातून सरदारां फुफीचा आवाज आला. ती दोघा भावांची आत्या. दोघांना तिनेच खेळवलेलं.

"तिला काय ओरडतोस? मयताच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही खरी रीत. तुम्ही लोकांनी ती उलटी केलीत. बायकोचे डोळे सुकायच्या आत तिच्याच अंगणात मेजवानी! रियासत, इतक्या कोंबड्या आणल्यास, त्यातली एक तरी मंजूरसाठी होती का रे?"

"फुफी, मी त्याला काही कमी पडू दिलं नाही..."

"तसनीमने सांगितलंय मला. त्याने वाटीभर डाळ मागितली होती. तू ती त्याच्या हातातून ओढलीस!"

तसनीमने वाटी भरली आणि त्यांच्यापुढे सरकवली. "खा भाईजान. खाणारा तर राहिला नाही."

त्यांनी घास तोंडात घातला. हाजी रियासत दारातच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"या अल्ला! एवढंच तर मागत होता! एवढंच!"

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अंगणात डेग चढली ती मसुरीच्या डाळीची. व्याही न जेवताच उठले. "हाजीची मूठ आवळली," असं लोक रियासतांच्या देखत बोलले. रियासतांनी ते ऐकून घेतलं आणि राहिलेल्यांना स्वतः डाळ वाढली.

मित्रहो, डाळ वाढल्याने कुणाची इज्जत जात नाही. आपल्या घरातला आजारी माणूस काय मागतो, ते चार लोकांच्या आधी ऐका आणि जे मागेल आणि त्याला झेपेल, ते त्याच दिवशी त्याच्या हातात द्या. रियासत आता कुणाच्याही आजारपणात गेले की सगळ्यात आधी विचारतात, "काय खावंसं वाटतं?" आणि घरून करवून आणतात. गल्ली त्यांना दुवा देते. तसनीम मात्र मसुरीची डाळ पुन्हा कधी शिजवत नाही.