भिंतीच्या गुडघ्यांवरचा पट्टा

मी एक रबरी पट्टा. पूर्वी हिरवागार होतो, आता फिकटलोय. माझं काम एकच: ताणलं जायचं आणि पुन्हा मूळ मापावर यायचं. ऐकायला सोपं आहे, पण जीव मेटाकुटीला येतो.

कारखान्यातून मी फिजिओथेरपीच्या खोलीत आलो. तिथल्या बाईंनी मला एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या हातात दिलं. ती गोलकीपर, मैत्रिणी तिला ‘भिंत’ म्हणायच्या. खाली वाकून चेंडू अडवताना तिच्या जांघेत कळ यायची. खुब्याच्या सांध्यात हाडावर हाड आदळत होतं.

“ऑपरेशन करावं लागेल?” तिने बाईंना विचारलं.

“आधी हे मनापासून कर. पट्टा गुडघ्यांच्या वर चढवायचा, कुशीवर झोपून टाचा जुळवायच्या आणि वरचा गुडघा सावकाश उघडायचा. खोल बैठका बंद. आणि जांघ ताणायची नाही हं!”

पण खेळाडूंना प्रत्येक दुखणं आखडल्यासारखंच वाटतं. घरी खोलीचं दार लावून तिने मला गुडघ्यामागे अडकवलं आणि गुडघा छातीकडे ओढला. रोज, दात-ओठ खाऊन. मी तरी काय करणार? ओढलं की ताणायचं, एवढंच मला येतं.

“भिंतीला तडा गेला वाटतं,” दादाने चिडवलं. तिने मला त्याच्या अंगावर भिरकावलं.

दुखणं वाढलं. वाकता येईना म्हणून तिच्या पायात मोजेही आई घालायला लागली, तेव्हा ती गुपचूप बाईंकडे गेली.

“अगं, तुझ्या खुब्याचं दार चौकटीला अडकतंय आणि तू ते आणखी जोरात ढकलतेस,” बाई म्हणाल्या. “भोवतीचे स्नायू बळकट कर. कंटाळा येईल. येऊ दे.”

कंटाळा आलाच. तिलाही, मलाही. तेच ते उघडणं, तेच ते मिटणं. पण कळ हळूहळू कमी झाली, मोजे ती स्वतः घालू लागली.

तेवढ्यात अंतिम सामना आला. फुटबॉल शिकवणाऱ्या सरांचा फोन आला, “एवढा एक सामना काढ गं.”

ती कितीतरी वेळ मला बोटांभोवती गुंडाळत राहिली.

“सर, अजून नाही. त्या धाकट्या गोलकीपरला उभं करा.”

फोन ठेवून ती रडली. दादा सतरंजीवर तिच्या शेजारी आडवा झाला. “चल, मीही करतो. पण हसायचं नाही.”

आता माझ्या कडांना बारीक चिरा पडल्यात. कधीतरी मी तुटेन. तेव्हा हळहळू नका, फक्त त्याच दिवशी नवा पट्टा आणा. तिचं काम अजून अर्ध्यावर आहे.