डावा दांडा जुना, उजवा नवा

थायलंडमधल्या कोराट शहरातल्या एका गॅरेजात विलाई सकाळपासून एकाच निळ्या गाडीभोवती घिरट्या घालत होती. गाडी विजेवरची, मागून ट्रकने ठोकलेली. तळाला बॅटरीच्या पेटीशेजारून जाणारा सांगाड्याचा डावा दांडा वाकला होता. तो कापून काढायचा आणि कालच आलेला नवा बसवायचा, एवढंच काम. पण कटर हातात घेऊन ती तीनदा उठली आणि तीनदा परत बसली.

"मुहूर्त बघतेस का गं?" गॅरेजमालक तनाकाका खेकसले. "गाडीचा नंबर टाकून मागवलाय. बसव की!"

"दांडा बरोबर आलाय, काका. गाडीचंच काही जुळत नाही."

कंपनीने हा दांडा मध्येच बदलला होता. जुन्याला दोन भोकं आणि पातळ पत्रा. नव्याला तीन भोकं, पत्रा जाड. दारावरच्या बनावटीच्या तारखेच्या पट्टीवरून गाडी बदलानंतरची दिसत होती. उजव्या दांड्याला भोकं तीन होती, डाव्याला मात्र दोनच, आणि त्यातलं एक वेडंवाकडं मोठं केलेलं. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी इथे जुना दांडा बसवला होता.

कुणी? तिने जोडावर थापलेला भरणीचा मसाला खरवडला. निळ्याखाली पांढरा रंग निघाला. त्याखाली धातूवर सळईने कोरलेलं एक अक्षर होतं. तिच्याच नावाचं पहिलं अक्षर. काम झालं की जोड झाकण्याआधी ते कोरायची तिची सवय होती.

दोन वर्षांपूर्वीची पांढरी गाडी तिला आठवली. जुन्या साठ्यातला एक दांडा फळीवर पडून होता, भोक जुळत नव्हतं, म्हणून तिने ते मोठं करून घेतलं होतं.

"झाकून टाक," तनाकाका हळूच म्हणाले. "तोच काढतेयस ना आता? कुणाला कळतंय?"

विलाईने जोड तसाच उघडा ठेवला. दुपारी गाडीच्या मालकीणबाई आल्या. सुपावदीबाई, निवृत्त शिक्षिका; गाडी त्यांनी गेल्या वर्षी कुणाकडून तरी घेतली होती. धडक बसली तेव्हा मागच्या सीटवर त्यांची बहीण होती. तिचा खांदा मोडला होता.

"बाई, हा दांडा चुकीचा होता, पातळ पत्र्याचा. इथे जाड पत्र्याचा हवा होता. मीच बसवला होता," विलाईने एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी त्या दोन भोकांवरून बोट फिरवलं.

"जाड पत्रा असता तर तिचा खांदा वाचला असता?"

"माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

"आता नीट बघून बसवणार, की पुन्हा भोक मोठं करणार?" बाईंनी विचारलं. "खुर्ची आण. मी इथून हलणार नाही. प्रत्येक भोक मला मोजून दाखव."

विलाईने खुर्ची आणली. दोन्ही बाजूंची मापं घेतली, भोकं मोजून दाखवली आणि मगच कटर चालवला. जोड पुरा झाल्यावर बाईंनी वाकून बघितलं आणि त्या बहिणीकडे दवाखान्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी विलाईने जुन्या कामांची वही काढली. त्या साठ्यातले दांडे आणखी तीन गाड्यांना गेले होते. तिने तिन्ही मालकांना फोन लावले. दोघांनी फोन घेतला, शिव्या घातल्या, गाडी आणतो म्हणाले. तिसऱ्याचा नंबर बंद होता. तनाकाका जेवायला हाका मारत होते, पण तिचं बोट पुन्हा त्याच नंबरवर गेलं.